फोटो काढणाऱ्यासाठी आमसुलं

मस्कतला सुट्टी शुक्रवारी. लग्नाला जेमतेम सहा महिने झाले होते आणि ह्यांच्या ड्राफ्ट्समनच्या नोकरीपायी मी तोंडवलीहून उठून थेट तिथे जाऊन पडले होते. आठवड्याचे सहा दिवस मी आणि एसीची घरघर. शुक्रवारी दुपारी चारला हे पॉलिश केलेले बूट घालायचे, मी बरी साडी नेसायचे आणि आम्ही फिरायला निघायचो. कुठे? तर समुद्राकाठच्या रस्त्यावर. जिचा जन्म समुद्राच्या आवाजात गेला तिला समुद्र दाखवायला न्यायचं, हे आमच्या ह्यांनाच सुचावं!

पण घरी बसून तरी काय करणार? आमच्या गावात घरापासून एसटीच्या थांब्यापर्यंत जाताना सहा जण विचारणार, "खंय चललंस गो?" मला त्याचा भयंकर राग यायचा. "तुमका कित्याक होयी पंचायत?" असं तोंडावर म्हणायचे मी. मस्कतला मैलभर रस्ता या टोकापासून त्या टोकापर्यंत चालून गेलो तरी कोणी मान वळवून बघत नसे. चौथ्या शुक्रवारी मला एकदम रडूच आलं. हे म्हणाले, "डोळ्यांत वाळू गेली काय?" मी म्हटलं, "होय, गेली."

पहिल्या पगारातून ह्यांनी कॅमेरा घेतला होता. फिरायला गेलं की मी ह्यांचा फोटो काढायचा, ह्यांनी माझा. कारंज्यापुढे मी, खजुराखाली हे, कोणाच्या तरी लांबलचक गाडीला टेकून मी. रोल धुऊन आला की बरे निवडून आईला पाठवायचे. दुसऱ्या कोणाच्या हातात कॅमेरा द्यायची गोष्ट काढली की हे छातीशी धरायचे. "घेवन पळालो तर?" एकतर आमचे हे मुखदुर्बळ, त्यात संशयी. ऑफिसातही कोणाशी कामापलीकडे बोलणं नाही. आणि मला मराठी सोडून काही धड येत नव्हतं. तेव्हा ओळख व्हायची कोणाशी आणि कशी?

आईला लिहिता येत नव्हतं. ती सांगायची आणि शेजारचे गुरुजी तिचे शब्द जसेच्या तसे उतरवून द्यायचे. एका पत्रात तिने लिहवलं, "अकरा फोटो इले. एकात तू, दुसऱ्यात जावय. दोघां एकत्र खंयच नाय. माका खरां काय ता सांग. भांडलात काय? देवीक कौल लावलंय. फूल उजव्या बाजूचा पडला, तरी माझो जीव थाऱ्यार नाय." गावातली एक मुलगी त्याच वर्षी सासरहून कायमची परत आली होती. आईच्या मनात काय काय येत असेल ते मला इतक्या लांबून दिसत होतं.

मी हसले आणि मग ह्यांच्यावरच उखडले. "बघा तुमच्या कॅमेऱ्याचे प्रताप! माझी आई थंय देवळाच्या पायऱ्या झिजवता हा!"  पुढच्या शुक्रवारी समुद्राकाठी पोचल्यावर हे स्वतःच गळ्यातला कॅमेरा काढून माणूस शोधायला लागले. चांगला तासभर आम्ही लोकांची तोंडं न्याहाळत हिंडलो. ह्याचा भरवसा वाटत नाही, तो घाईत आहे.

शेवटी कठड्यावर एकटाच बसलेला एक माणूस दिसला. निळा, धुवून विटलेला शर्ट, पायात सपाता. कुठल्या तरी बांधकामावरचा असावा. ह्यांनी मोडक्या हिंदीत विचारलं. तो टुणकन उठला. आधी दोन्ही हात शर्टाला पुसले, मग कॅमेरा असा घेतला की जणू कोणी तान्हं मूल दिलंय. आम्ही उभे राहिलो तर हाताने खूण करून म्हणाला, "और पास. और पास." भर रस्त्यात नवऱ्याला चिकटून मी कधी उभी राहिले नव्हते. लाजत उभी राहिले. त्याने एक काढला, आणि बिघडला असला तर असू दे म्हणून आणखी एक.

मग त्याने विचारलं, "गाँव कहाँ?" चेहऱ्यावर असं हसू, की आता हा बसून गजाली करणार. हे म्हणाले, "बंबई के पास," आणि कॅमेरा जवळजवळ ओढूनच घेतला. चला, उशीर होतो म्हणाले. कसला उशीर? घरी कोण वाट बघत होतं आमची? पण मीही निघाले. मागे वळून बघितलं तर तो अजून उभाच होता.

फोटो छान आला. सूर्य त्याच्या पाठीमागे होता, त्यामुळे आमच्या पायांपाशी त्याची सावलीही आली होती. आईचं उत्तर आलं, "जोडो बरो दिसता. माका झोप लागली. पायाकडे सावली कोणाची? फोटो काढल्यान तो कोण? तेका जेवक बोलवलंस मा?"

मी ते पत्र ह्यांना वाचून दाखवलं.  पुढच्या शुक्रवारी मी डबा भरला. सुरमईचं तिखलं, भात, सोलकढी. सहा शुक्रवार आम्ही तो डबा घेऊन त्या कठड्याशी गेलो. एकदा तर हे, रस्त्यात कोणाला हाक न मारणारे हे, एका निळ्या शर्टामागे "भाई, भाई" करत धावत गेले. तो वळला. दुसराच होता. डबा दर वेळी आम्हीच खाल्ला, कठड्यावर बसून.

आई प्रत्येक पत्रात विचारायची. शेवटी मी लिहिलं, हो, येऊन पोटभर जेवून गेला, आता नेहमी येतो. तिचं पत्र आलं, "बरां झाला. थंय तुमका एक माणूस गावलो." दोन महिन्यांनी पोस्टाने पार्सल आलं. दोऱ्याने बांधलेल्या आमसुलांच्या दोन पुड्या, आणि एकीवर गुरुजींच्या अक्षरात, "फोटो काढणाऱ्याक." आमची आम्ही संपवली. त्याची कॅमेऱ्याच्या पिशवीत ठेवली. न जाणो, भेटला तर.

दोन वर्षांनी रजेवर घरी आलो. दुपारी पडवीत बसून आई म्हणाली, "तो कॅमेरो तरी दाखव माका." मी आत पाणी घ्यायला गेले होते. ह्यांनी पिशवी तिच्या पुढ्यात सारली. मी बाहेर आले तेव्हा पुडी तिच्या हातात होती आणि ती दोऱ्याच्या गाठीवरून बोट फिरवत होती.

"ही गाठ माझीच आसा," ती म्हणाली. मग आमच्या दोघांकडे बघितलं. "म्हणजे थंय तुमका कोणच गावलो नाय?"

एरवी माझ्या तोंडाला कोणी लागत नसे. त्या दिवशी मी हातातला पाण्याचा तांब्या नुसता तिच्यापुढे ठेवला. हेच म्हणाले, "नाय, आये."