पाखरासाठी दुहेरी खिडकी

आमच्या बेटावर कुदुस शहराहून पाती शहराकडे जाणाऱ्या हमरस्त्यावर जुमेरीचं पंक्चरचं दुकान आहे आणि दुकानाला लागूनच घर. रस्ता इतका जवळ, की बस गेली की ताटातला भात जागचा हलतो. माझं घर समोरच्याच बाजूला. त्यामुळे हे सगळं मी डोळ्यांनी पाहिलेलं आहे. कानांनी मात्र निम्मंच, कारण या रस्त्यावर माणसाचं निम्मं बोलणं ट्रकच्या चाकाखालीच जातं.

जुमेरी म्हणजे आयुष्यात काहीही न जिंकलेला माणूस. स्वातंत्र्यदिनाला आम्ही सुपारीच्या खांबाला तेल फासतो आणि टोकाला बक्षिसं लटकवतो. माणसांनी एकमेकांच्या खांद्यावर चढत वर जायचं. जुमेरी सात वर्षं त्या खेळात होता आणि सातही वर्षं तळाला. वरच्याला सायकल मिळाली, मधल्याला बादली मिळाली, जुमेरीला सगळ्यांच्या पायांचं तेल मिळालं. एकदा सोडतीत त्याचा नंबर लागला तेव्हा मी स्वतः टाळ्या वाजवल्या. बक्षीस निघालं कंगवा. जुमेरीला टक्कल तिशीतच पडलेलं.

आमची जुनी माणसं सांगायची, पुरुषाला पाच गोष्टी हव्यात: घर, बायको, घोडा, कट्यार आणि पाखरू. जुमेरीकडे घर वडिलांचं, बायको रत्मी, घोड्याच्या जागी जुनी मोटारसायकल आणि कट्यारीच्या जागी टायर उचकटायची पहार. पाखरू तेवढं राहिलं होतं. ते त्याने पंचावन्नाव्या वर्षी आणलं. श्यामा पक्ष्याचं कोवळं पिल्लू, काळंभोर, पोटाशी तांबूस. नाव ठेवलं गुंतुर मुरिया, म्हणजे मुरिया डोंगराचा गडगडाट. पिल्लू माझ्या अंगठ्याएवढं.

"म्बाह," तो मला म्हणाला (मला सगळेच म्बाह म्हणतात, आजोबा झालो ना), "यंदा कुदुसच्या मैदानावर पाखरांच्या गाण्याच्या स्पर्धेत भोंग्यातून माझं नाव पुकारतील. पहिला नंबर: जुमेरी. बस, एवढंच ऐकायचंय. मग डोळे मिटले तरी चालेल."

"डोळे मिटण्याआधी माझ्या मोलकरणीसारख्या हातांकडे बघा जरा," आतून रत्मी म्हणाली. "पाखराला मुंग्यांची अंडी, आणि मला कालचं सोयाबीनचं तेंपे!"

पाखरू गुणी निघालं. पण श्यामाची जात मोठी नकलाकार. जे कानावर पडेल ते उचलते. आणि इथे कानावर काय पडणार? आमच्याकडच्या बसवाल्यांनी भोंग्यात गाणी बसवलेली आहेत, पोरं रस्त्यावर उभी राहून ती मागतात. तिसऱ्या महिन्यात गुंतुर मुरियाने एक सुरेख तान घेतली आणि शेवटाला सुराबायाच्या बसचा भोंगा वाजवला. अगदी हुबेहूब. दुकानासमोरचा एक सायकलवाला घाबरून नाल्यात उतरला.

जुमेरीने स्पर्धेचे जुने पंच हाजी मुनासिर यांना बोलावून आणलं. त्यांनी सोतोच्या रश्श्याची वाटी संपवली, तोंड पुसलं आणि म्हणाले, "गळा सोन्याचा आहे, पण संगत बसस्टँडची. भोंगा काढला की गुण कापणार. याला शांत जागी ठेव, चांगल्या पाखरांची गाणी ऐकव. विसरेल."

शांत जागा! ज्या रस्त्यावर जुमेरीचं पोट, त्याच रस्त्याचा आवाज त्याला नकोसा झाला. त्याने मोटारसायकल विकली आणि गावातले काचवाले कोह लियोंग (कोह म्हणजे दादा) यांना गाठलं. नाकापेक्षा मोती जड म्हणतात, इथे तर पाखरापेक्षा खिडकी जड.

कोह लियोंग कामाला चोख माणूस. रस्त्याकडच्या खोलीत त्यांनी दोन काचा बसवल्या, मध्ये वीतभर मोकळी जागा सोडून. एक काच जाड, एक पातळ.

"दोन्ही सारख्या का नाही? काच संपली का, कोह?" जुमेरीने विचारलं.

"सारख्या असल्या की जो आवाज एकीतून घुसतो तोच दुसरीतूनही घुसतो. वेगवेगळ्या असल्या की एकीला फसवलं तरी दुसरी अडवते. सासू आणि नणंदेसारखं. आता ती वरची भोकं बुजव."

वरची भोकं म्हणजे खिडकीच्या डोक्यावरची हवेची जाळी. आमच्याकडे त्याशिवाय घर बांधतच नाहीत. जुमेरी ताडकन उठला. "ती माझ्या बापाने ठेवलीयत. घराचं नाक आहे ते! नाक दाबून कुणी घर जगवतं का?"

कोह लियोंग यांनी खांदे उडवले आणि गेले. दुसऱ्या दिवशी सकाळी पहिली बस गेली. आवाज होता तसाच. जुमेरी तणतणत गावात गेला आणि कोह लियोंग यांना हाताला धरून घेऊन आला.

"काच पातळ दिलीत!"

कोहनी खिशातून डासांची कांडी काढली, पेटवली, स्टुलावर चढून जाळीपाशी धरली. धूर सरळ बाहेर गेला. रस्त्याने येणाऱ्या बाईने नाकाला पदर लावला.

"धूर जिथून बाहेर जातो, तिथून बस आत येते," कोह म्हणाले. "तू दाराला कुलूप लावलंस आणि भिंत उघडी ठेवलीस."

शेवटी जुमेरीने बापाची मनातल्या मनात माफी मागितली आणि भोकं बुजवली. तीही स्वतःच्या हाताने. जुन्या ट्यूब कापून त्यांचे थर भरले, चौकट आणि भिंत यांच्यामधल्या फटीत रबराच्या पट्ट्या ठोकल्या, दाराच्या खालीसुद्धा. कोह लियोंग बोट फिरवून म्हणाले, "माझ्या रबरापेक्षा तुझं रबर चांगलं." जुमेरी आठ दिवस ते सांगत होता.

मी त्या खोलीत गेलो आणि दार लावलं. काय सांगू! बाहेर सोळा चाकी ट्रक चाललेला दिसतोय आणि आवाज माशीएवढा. मला माझ्या गुडघ्यांचा करकर आवाज पहिल्यांदा ऐकू आला.

रत्मी दारात उभी होती. आमच्याकडे नवराबायको एकमेकांना पाकने आणि बुने म्हणतात, म्हणजे पोरांचा बाप आणि पोरांची आई. "वीस वर्षं म्हणतेय, पाकने, रस्त्याकडची खिडकी नीट करा. चार पोरं याच खोलीत झोपवली मी, कानात कापूस घालून. तेव्हा काय म्हणालात? सवय होईल. आणि आता पाखराला सवय झाली तर काच बसवली!"

"बुने, स्पर्धेपर्यंतच. मग तुझीच खोली."

"आत्ता का नाही?"

"तू खोकलीस आणि त्याने उचललं म्हणजे?"

यावर रत्मी जे बोलली ते मी लिहीत नाही. नातवंडं वाचतात.

सहा महिने खोलीत पाखरू, एक जुना टेप आणि जुमेरी. पंख्याचा आवाज नको म्हणून तो उघड्या अंगाने ताडपत्राचा पंखा हलवत बसायचा, पाखरावर. स्वतः घामाने निथळायचा. गिऱ्हाईक दुकानात हाका मारून निघून जायचं. ऐकू येणारच कसं? पण पाखरू सुधारलं. भोंगा विसरलं. धबधब्यासारखं गायला लागलं, एक तान दुसरीत ओतायचं. हाजी मुनासिर पुन्हा आले, डोळे मिटून बसले आणि या खेपेला सोतो थंड झाला.

रविवारी सकाळी मालवाहू गाडीच्या मागे बसून आम्ही मैदानावर गेलो. जुमेरीने नवा शर्ट घातला होता. पिंजऱ्यांच्या रांगा टांगल्या गेल्या. पंच आवडलेल्या पाखराच्या पिंजऱ्याखाली लावायचे झेंडे घेऊन तयार झाले. आणि मग सुरू झालं ते, जे या सबंध जिल्ह्यात दर रविवारी होतं, जे मलाही ठाऊक होतं, हाजींनाही ठाऊक होतं आणि जुमेरीलाही. चारशे मालक दोरीबाहेरून आपापल्या पाखराच्या नावाने बोंबलायला लागले. शिट्ट्या, टाळ्या, आरोळ्या. तसं ओरडल्याशिवाय पाखराला जोर चढत नाही, अशी आमची समजूत. जुमेरीही जीव तोडून ओरडला, "गुंतुर मुरियाऽऽ!"

गुंतुर मुरियाने सहा महिने माणसाचा आवाज म्हणून जुमेरीची कुजबुजच काय ती ऐकलेली. तो फुगून कापसाचा गोळा झाला, दांडीवरून तळाला उतरला आणि पाण्याच्या वाटीमागे लपला. बाकीची पाखरं गात होती, आमचा गडगडाट थरथरत होता. एकसुद्धा झेंडा लागला नाही.

हाजी मुनासिर जवळ येऊन म्हणाले, "मागे याला बसस्टँड फार ठाऊक होता. आता माणूसच ठाऊक नाही. चूक माझी, तुझी नाही."

हात दाखवून अवलक्षण ते यालाच म्हणतात. परतीच्या वाटेवर जुमेरी पिंजरा मांडीवर घेऊन, त्यावर नवा शर्ट काढून पांघरून बसला होता.

दुपारी घरी आलो तर दाराला आतून कडी. जुमेरीने कडी वाजवली, दार बडवलं. मग खिडकीतून डोकावला. त्या खोलीत रत्मीने आपला पलंग आणून टाकला होता आणि ती पाय पसरून गाढ झोपली होती. जुमेरीने काचेवर थापा मारल्या. मी मारल्या. पलीकडे पेचेल, म्हणजे दाण्याच्या चटणीतली भाजी, विकणाऱ्या बाईने पळी आपटली. काच जाड, काच पातळ, रबर जुमेरीचं. रत्मी कूस बदलून पुन्हा झोपली.

"कामाला नाव ठेवायला जागा नाही," मी म्हणालो. जुमेरी टायरच्या ढिगावर बसून राहिला.

तिसऱ्या प्रहराला ती आपली आपण जागी झाली, दार उघडलं आणि त्याचा चेहरा पाहिला.

"कितवा?"

"शेवटून पहिला."

ती हसली नाही. भात वाढला, तेंप्यावर मिरचीची चटणी जास्त घातली. तो जेवेपर्यंत थांबली आणि म्हणाली, "पाखरू आता दुकानात राहील. खोली माझी."

"आणि मी?"

"तुमचा आवाज आतूनच येतो. त्याला काच काय करणार? या."

जुमेरीने पिंजरा दुकानात, हवा भरायच्या यंत्राशेजारी टांगला. पहिली बस गेली तेव्हा पाखरू दचकलं. दुसरी गेली तेव्हा दांडीवर चढलं. तिसरीच्या मागोमाग त्याने गळा फुगवला आणि जी सुरुवात केली! सहा महिन्यांचं सगळं शिक्षण, एकामागून एक, रस्त्याच्या वरचढ. ट्रकवाले गाडी थांबवून खाली उतरले. पेचेलवालीची पळी हातात तशीच राहिली. जुमेरी धावत खिडकीपाशी गेला, काच ठोकली, बोटाने पाखराकडे दाखवायला लागला, स्वतःच्या कानाकडे दाखवायला लागला.

रत्मी उठून काचेपाशी आली. तिला दिसली असेल ती एक उघडमीट करणारी चोच आणि तसाच उघडमीट करणारा नवरा. तिने फार सुंदर गाणं ऐकल्यासारखी मान डोलावली, दोन्ही हातांनी टाळ्या वाजवून दाखवल्या आणि पडदा ओढून घेतला.