माझी पारख

आमचे शेजारी घोडेगावच्या बाजारात बैलांची दलाली करतात. बोलता बोलता समोरच्याचा खांदा दाबून बघायची त्यांना सवयच आहे. पन्नाशीनंतर स्नायू झिजतात, वजनं उचला, असं डॉक्टरांनी मला बजावलं. मी आठवडाभर चौकशी करून दहा-दहा किलोच्या डंबेल्सची जोडी पक्की केली आणि उत्साहाच्या भरात शेजाऱ्यांनाही नगरच्या दुकानात घेऊन गेलो.

मी डंबेल्स उचलले. शेजारी मात्र माझ्या पायांकडं बघत होते.

"आता चाला."

"इथं, दुकानात?"

"बैल उभ्या उभ्या घेत्यात व्हय? चाला!"

दोन पावलांतच माझा उजवा पाय फरपटला.

"जनावर लंगडतंय," त्यांनी दुकानभर जाहीर केलं. दुकानदार खो खो हसला, मीही हसलो. पाच-पाच किलोची जोडी घेऊन चालून दाखवलं, तेव्हा त्यांनी मान डोलावली. "हे घ्या. वजन मागनं वाढंल. गुडघा गेला तर येत न्हाई."

मी पैसे काढतोय तोवर त्यांनी तशीच आणखी एक जोडी गल्ल्यापाशी ठेवली.

"ही कुणाला?"

"मला. एकट्या बैलावर औत चालत न्हाई, सायेब. तुमी आठ दिवसांत बसाल."

नेमकी हीच धास्ती मी कुणाला बोललो नव्हतो.

दुसऱ्या दिवशी उजाडताच फाटकाबाहेर आरोळी आली, "उठा सायेब, जुपायचंय!"

मी चहा तसाच ठेवून, डंबेल्स घेऊन फाटकाकडं पळालो.