सरळ केलेल्या चकत्या

मंडळी, आज डोकं लय तापलंय.

विश्रामबागच्या आपल्या कॉलेजात मी फायबर लेसरवर काम करते. फायबर गुंडाळलेल्या तीन चकत्या केसाकेसानं तिरक्या करत बसलं, की कधीतरी प्रकाशाचे ठोके एका लयीत पडतात. महिनाभर खपून काल ते जमलं, तेही एकदम तीन तरंगलांबींवर.

आज तपासणीचे पाहुणे यायच्या आधी विभागप्रमुखांनी त्या चकत्या ओळीत सरळ उभ्या केल्या. ठोके गेले. मला म्हणाले, "वाकडं दिसत होतं ओ मॅडम. फोटोत बरं दिसायला नको?"

पाहुणे चहा पिऊन गेले. लेसरकडं कुणी पाहिलंसुद्धा नाही.

आता आपल्या कॉलेजच्या ग्रुपवर फोटो आलाय. चकत्या शिस्तीत उभ्या, लेसरचे ठोके बंद, आणि खाली तुम्हा सगळ्यांचे अंगठे.

नेमकं कशाचं कौतुक केलंत, तेवढं सांगा.