तीन थरांची खापरं

बाळांनो, परवा फोनवर तुम्ही विचारलंत, "आजी, कॉलेज कसं चाललंय?" मी म्हटलं, बरं चाललंय. खरं म्हणजे दमले आहे. निवृत्तीनंतर बी.ए.ला पुरातत्त्व घेतलं, तेव्हा हे बसून वाचायचं काम वाटलं होतं. या वर्षी पिंपळे सौदागरहून दोन बस बदलून चाकणच्या पुढे एका शेतात जायचं आणि दिवसभर उकिडवं बसून माती खरवडायची, असं चाललं होतं.

त्या शेतात गोदाम होणार होतं. जेसीबी यायच्या आत आम्हाला एक लहानसा खड्डा खणू दिला. मालकीणबाई बांधावर बसून बघायच्या.

"आमी जल्मभर ही खापरं येचून फेकली, अन् तुमी पिशव्या भरताय व्हय? गुडघं दुखत न्हाईत का?"

"दुखतात," मी म्हटलं.

"मंग कवाची हायेत ती, तेवढं तरी सांगा."

कळलं की सांगते, असा मी शब्द दिला.

खड्ड्यात मातीचे तीन थर लागले. सर्वांत खालचा सर्वांत जुना. प्रत्येक थराची खापरं वेगळ्या पिशवीत ठेवली होती, कारण थरावरूनच त्यांचं वय ठरतं. शेवटी ती धुवायचं काम माझ्याकडे आलं. मी धुतली, एकाच चादरीवर उन्हात वाळवली आणि हाताला सवय म्हणून निवडलीही: काळी एकीकडे, तांबडी एकीकडे, काठाचे तुकडे वेगळे. रांगा सुरेख लागल्या. भरायला पिशव्या उचलल्या, तेव्हा लक्षात आलं: तिन्ही थर एकमेकांत मिसळले होते.

अंदाजाने तीन वाटे केले असते, तर कोणाला कळलं नसतं. पण मी शिकवणाऱ्या बाईंकडे गेले आणि खरं ते सांगितलं. त्या तुमच्या आईहून लहान आहेत.

"काकू, तो खड्डा काल बुजवला."

"माहीत आहे."

त्यांनी चादरीवरचं एक खापर उचलून बघितलं. "धुतलीत मात्र छान," म्हणाल्या.

आता सगळी खापरं एकाच पिशवीत आहेत. "थर माहीत नाही" ही चिठ्ठी त्यांनी माझ्याकडूनच लिहून घेतली.

मालकीणबाईंचा नंबर माझ्या वहीत आहे. त्यांना अजून फोन केलेला नाही. उद्या सकाळी, गुडघ्यांना तेल लावून झालं की करीन.