खर्डीच्या चर्चमधला मागचा बाक

तीस वर्षं मुलांना विज्ञान शिकवलं. भुताखेतांच्या गोष्टी सांगणाऱ्यांची स्टाफरूममध्ये यथेच्छ खिल्ली उडवली. त्यामुळे हे लिहिताना मलाच कसंतरी वाटतंय... पण लिहिते.

खर्डी स्टेशनपासून चालत दहा मिनिटांवर, भातखाचरांच्या कडेला एक लहानसं दगडी चर्च आहे. कसाऱ्याच्या घाटात रेल्वेचं काम चालू होतं तेव्हा साहेब लोकांनी प्रार्थनेसाठी बांधलं, असं जुनी माणसं सांगतात. साहेब गेले. मग तिथं शाळेचे दोन वर्ग भरले, पुढे सोसायटीचा भात साठवला, निवडणुकीत मतदान झालं. प्रार्थनेच्या काळातला एक लांबलचक बाक तेवढा मागच्या भिंतीशी राहिला – दारातून बाहेर निघेना म्हणून! आता तिथं गावाचं वाचनालय आहे आणि किल्ली माझ्याकडे.

वाचनालय म्हणजे दोन कपाटं, एक पेपर आणि मी. वाचक शून्य. आमचे हे गेल्यापासून घरी बोलायला कोणी नाही, मुलगा पुण्यात. दिवसदिवस तोंडातून शब्द निघायचा नाही. म्हणून दुपारी मी पुस्तक मोठ्यानं वाचायला लागले. निदान स्वतःचा आवाज तरी ऐकू यावा.

पाच-सहा दिवसांनी मागचा बाक करकरला. कोणी टेकल्यावर करकरतो, अगदी तसा. पुस्तक मिटलं की पुन्हा करकर – उठल्यासारखी. उंदीर? गाडीची थरथर? उन्हानं लाकूड प्रसरण पावतंय? सगळं तपासलं. गाडी नसतानाही व्हायचं, ढगाळ दिवशीही व्हायचं. मी वाचलं नाही तर मात्र काहीच नाही. एकदा गोष्ट ऐन रंगात आली असताना मुद्दाम थांबले... दहा मिनिटं बाक गप्प. उठल्याचा आवाज नाही. शेवटी मलाच राहवेना, पुढे वाचलं.

हसाल तुम्ही, पण आज काय वाचायचं ते ठरवून, नीट साडी नेसून मी घरातून निघायला लागले.

चूक एवढीच झाली की झाडायला येणाऱ्या सुमनजवळ हे बोलून बसले. तिचा चेहराच उतरला.

"बाई, तिथं कायतरी हाय. दहीभात उतरवून टाकू."

"अगं, चर्च आहे ते. तिथं कसला उतारा?"

"जागा कोनाची का आसंना. तुमी येकल्या बसता. उद्या तुमाला काय झालं तं? आमाला नाय चालायचं."

तिचे डोळे भरून आले होते. कितीतरी दिवसांनी कोणी माझी काळजी करत होतं... नाही म्हणवेना. अमावास्येच्या दुपारी तिनं माझ्यावरून दहीभात उतरवला आणि चर्चमागच्या बांधावर ठेवून आली. मी विज्ञानाची बाई, गुपचूप उभी राहिले.

त्या दिवसापासून बाक वाजला नाही. अर्धी राहिलेली गोष्ट वाचली, नवी आणून वाचली. मी स्वतः जाऊन बसले की करकरतो, म्हणजे लाकूड तेच आहे.

तुम्ही म्हणाल, भास. असेलही. सुमनला मी "आता बरं वाटतंय" म्हणाले आणि घरी येऊन पोटभर रडले. माझं ऐकायला कोणीतरी येत होतं हो... त्याला मीच जा म्हटलं.