सोरपुढची लाल खूण

पप्पा गोदीत टॅली क्लार्क होते. बोटीवरून माल उतरला की यादीतली ओळ आणि समोरची पेटी जुळवायची, आणि जुळली तरच लाल पेन्सिलीने बरोबरची खूण करायची, हे त्यांचं काम. तेही एकदा पाहून नाही. एकदा धक्क्यावर आणि एकदा शेडमध्ये. दुसऱ्यांदा पाहिल्याशिवाय पेन्सिल कानावरून खाली यायची नाही. "कागद काय वाट्टेल ते सांगतो," म्हणायचे, "माल उतरला का ते बोल."

ते रिटायर झाले आणि दोनच वर्षांत मम्मी गेली. गिरगावातल्या आमच्या वाडीतल्या घरात मग ते आणि मी, दोघंच उरलो. मी परळच्या एका कॉलेजात इतिहास शिकवते. वाद घालायची खोड मला लहानपणापासून आहे आणि ती कुणाकडून आली हे वेगळं सांगायला नको.

मम्मीला जाऊन महिना झाला तेव्हा पप्पांनी एक लांबट वही आणली. डावीकडे बायबलमधली एकेक भविष्यवाणी आणि उजवीकडे प्रत्यक्ष इतिहासात काय झालं ते. अक्षरशः तसंच घडलं अशी खात्री पटली की लाल खूण. माझ्या कपाटातली जाडजूड पुस्तकं ते भिंग लावून वाचायचे, मला नकाशे काढायला बसवायचे. मला वाटलं, बरं झालं, म्हाताऱ्याचं मन रमलं. मग एकदा वहीचं शेवटचं पान माझ्या नजरेला पडलं. त्यावर एकच ओळ होती, मेलेले देहासकट उठतील. पुढची जागा रिकामी होती.

"बोट एकच ना?" पप्पा म्हणाले. "बाकीचा सगळा माल यादीप्रमाणे उतरला, तर ही पेटीपण उतरणार. मम्मी येणार."

देहासकट म्हणजे त्यांच्या लेखी अगदी देहासकट. मम्मीचा चष्मा त्यांनी ठेवून दिला होता. दर रविवारी चर्चमधल्या मिस्साहून आले की खिडकीशी बसून तो मऊ फडक्याने पुसायचा आणि डबीत ठेवायचा. "तिकडे चष्मा कशाला लागेल?" असं मी चिडवलं तर म्हणायचे, "गेली तशीच येणार. आल्या आल्या मी दिसायला नको तिला?"

वहीतली पहिली ओळ सोरची होती. सोर म्हणजे समुद्राकाठचं एकेकाळचं बडं व्यापारी शहर. ते उघडा खडक होऊन जाईल, कोळी तिथे जाळी वाळत घालतील आणि ते पुन्हा कधी वसणार नाही, असं भाकीत. शहर पाडलं गेल्याचं दोन पुस्तकांत वाचून पप्पांनी त्यापुढे लाल खूण केली होती. पप्पा मासळीला वरळी कोळीवाड्यात जायचे. मी सोबत असले की दगडांवर पसरलेल्या जाळ्यांपाशी थांबून म्हणायचे, "असंच असणार बघ तिथे. एक माणूस नाही, नुसती जाळी." मी हूं म्हणायचे. खरं काय ते मला माहीत होतं. त्यांचा आनंद मोडवत नव्हता, म्हणून गप्प होते. तशीच गप्प राहिले असते तर?

एका रविवारी चर्चमधली चार माणसं घरी चहाला आली. पप्पांनी वही काढली आणि माझ्याकडे बोट दाखवून म्हणाले, "सगळं माझ्या मुलीने तपासलंय. प्रोफेसर आहे ती." मी तर काहीच तपासलं नव्हतं. माझ्या नावावर हे खपवलेलं मला झोंबलं. पाहुणे जिना उतरताहेत तोवर मी फोन काढून बसले होते.

"पप्पा, हे सोर. आजचं." पडद्यावर इमारती होत्या, फळांच्या गाड्या, शाळेतून सुटलेली पोरं. "बाबिलोनच्या राजाने वर्षानुवर्षं वेढा घातला, पण भाकितात म्हटलंय तसं शहर त्याच्या हाती लागलं नाही. पुढे ग्रीक राजाने ते पाडलं, तरी लोक परत आले. आजही राहतात."

"किती राहतात?"

"हजारो."

"बाजार आहे?"

"हा काय समोर."

त्यांनी तो व्हिडिओ परत लावायला सांगितला. दुसऱ्यांदा पाहिला. मग कानावरची पेन्सिल काढून सोरपुढच्या खुणेवर आडवी रेघ मारली आणि शेजारी सही केली. गोदीत खोडायचं नसे, रेघ मारून सही करायची असे. मला त्या क्षणी जिंकल्यासारखं वाटलं. हे लिहिताना मला माझी शिसारी येते.

पुढचे काही आठवडे ते एकेक ओळ पुन्हा तपासत होते. रेघा वाढत गेल्या. मग वही माळ्यावर गेली. मिस्साला जाणं सुटलं नाही, पण परत आले की पेपर उघडायचे. तिसऱ्या रविवारी माझ्या लक्षात आलं, चष्म्याच्या डबीवर धूळ बसली होती.

त्यानंतर ते फार दिवस राहिले नाहीत. डॉक्टरांनी हृदयाचं काहीतरी सांगितलं. शेवटच्या आठवड्यात मी त्यांच्या उशाशी बसून खोटं बोलले. "पप्पा, माझं चुकलं होतं. जुनं सोर वेगळं, ते समुद्रात बुडालं. आत्ताचं दुसरंच गाव आहे, नाव तेवढं तेच."

त्यांनी माझा हात थोपटला. "गोदीत चाळीस वर्षं काढली मी," म्हणाले. "पेटी आली नसेल तर आली नाही असंच लिहायचं, बाळा." आणि मग भिंतीकडे तोंड करून, "म्हणजे मम्मी भेटणार नाही."

दुसऱ्या दिवशी दुपारी ते गेले.

माझा पुनरुत्थानावर विश्वास नाही. तो तेव्हाही नव्हता, आजही नाही. पण त्यांना सूट घालून पेटीत ठेवलं, तेव्हा मी सगळ्यांना दोन मिनिटं बाहेर थांबायला सांगितलं. मम्मीचा चष्मा डबीतून काढला, माझ्या ओढणीने पुसला आणि खिडकीशी नेऊन उजेडात धरला. डाव्या काचेच्या कडेला एक ठसा राहिला होता. तो पुसून पुन्हा एकदा उजेडात धरून पाहिला, आणि मगच पप्पांच्या कोटाच्या खिशात ठेवला.