बारसे राहिलेल्या मुलीच्या गावी

दिवाळीच्या सुट्टीत मी मिठाच्या गावाला जायचे ठरवले. बी.ए. झाल्यावर अमरावतीला इतिहासाच्या एका वर्षाच्या पदव्युत्तर अभ्यासक्रमाला मी नाव घातले होते. वडील अकोल्यात भिक्षुकी करतात. घरात मॅट्रिकच्या पुढे गेलेली मी पहिलीच. या अभ्यासक्रमात प्रत्येकाने आपल्या भागातल्या एका घटनेवर, त्यातल्या हयात माणसांना भेटून, निबंध लिहायचा असतो. मी मिठाचा सत्याग्रह घेतला. आमच्या वऱ्हाडाला समुद्र नाही, पण पूर्णेकाठच्या विहिरी खाऱ्या आहेत. ते पाणी आटवून तीस साली लोकांनी मीठ केले आणि तुरुंगात गेले. गेलेल्यांची नावे गावोगाव पाठ आहेत. चुलीशी बसून पाणी कोणी आटवले, ते मला शोधायचे होते. त्या बायकांची नावे कागदावर आली की आपल्या हातून देशाचे थोडे काम होईल, असे मला मनापासून वाटत होते.

या पट्ट्यात जायचे तर पावसाळा टाळावा. काळ्या मातीत गाडीचे चाक रुतले की दिवस तिथेच जातो. मी सकाळच्या एस.टी.ने निघाले, तिकीट रुपयाच्या आत. फाट्यावर उतरले आणि पुढे कापसाची एक रिकामी बैलगाडी मिळाली.

"कोनाकडे जाता?" गाडीवानाने विचारले.

"आबाजींकडे. सत्याग्रहात होते ते."

"मंग भाकर खाऊन घ्या पहिले. आबाजी सुरू झाले म्हंजे उठू देत नाहीत."

दोन्ही बाजूंना कापसाची पऱ्हाटी फुटली होती, बायका वेचणी करत होत्या. गाव लहान, मातीच्या घरांचे. आबाजींनी मला ओसरीवर बसवले आणि खरेच सुरुवात केली. पोलीस कुठून आले, कढई कशी उलटली, अकोल्याच्या तुरुंगात भाकरीत खडे कसे असत, सगळे.

"आमी चार कढया पानी आटवलं," ते म्हणाले.

आतून त्यांच्या बायकोचा, वेणूबाईंचा आवाज आला. "तुमी काहीच नाही आटवलं. तुमी झेंडा धरून उभे होते. फोड माह्या हाताले आले."

आबाजी हसले. "लिव, बाई. हे बी लिव."

जेवायला ज्वारीची भाकर, अंबाडीची भाजी आणि ठेचा होता. वरण नव्हते. खाऱ्या पाण्यात डाळ शिजत नाही. चहाचे गोडे पाणीसुद्धा दुसऱ्या गावाहून डोक्यावर येते. म्हणून सांगते, जाताना आपले पाणी बरोबर न्या. पाहुण्याला दिलेला कपभर चहा त्या घराला महाग पडतो.

दुसऱ्या दिवशी आबाजी शेतात गेले. वेणूबाईंनी मला पाणी आटवणाऱ्या बायकांची नावे सांगितली, एकेकीचे माहेरही. मी लिहून घेत होते. मग त्या थांबल्या.

"तुह्या लिहिन्यात माही पोट्टी येईन का?"

कोणती मुलगी, मला कळेना. त्यांचे दोन्ही मुलगे अकोल्यात नोकरीला आहेत, एवढेच मला ठाऊक होते.

आबाजी तुरुंगात असताना ती झाली होती. बाराव्या दिवशी बारसे व्हायचे. पण नाव ठेवायचा मान आत्याचा, आणि आत्या अमरावतीला. तिने निरोप धाडला की भाऊ सुटून आला म्हणजे थाटात करू, तोवर थांबा. सगळे थांबले. मुलगी चार महिन्यांची असताना तापाने गेली. आबाजी त्यानंतर सुटले.

"त्याइच्या मिरवनुकीत मी आरती घेऊन उभी होती," वेणूबाई म्हणाल्या. "हार घातले, गुलाल उधळला. पोट्टीचं कोन सांगतीन? मीच सांगतलं, रातच्याले."

"आत्याबाईंनी मनात काही नाव ठरवलं असेल ना?"

"म्या इचारलं नाही कधी."

"मी विचारू?"

त्यांनी पदराने हात पुसले, बराच वेळ. मग म्हणाल्या, "इचार."

मी अकोल्याला परतले आणि रेल्वेने मूर्तिजापूर ओलांडून बडनेऱ्याला उतरले. अमरावतीची गाडी तिथे बदलावी लागते. फलाटावरची संत्री घ्या. गाडीत विकणारे आंबट देतात. अमरावतीला आधी निबंध तपासणाऱ्या सरांना भेटले. बायकांच्या नावांची त्यांनी वाखाणणी केली. मुलीचे सांगितल्यावर चष्मा काढून म्हणाले, "नाव, गाव, वय. यांतलं नावच नसेल, तर इतिहासानं त्या माणसाला धरायचं कुठून?" ते काही निष्ठुरपणे म्हणाले नाहीत. मलाही त्यांचे पटले. म्हणून तर मी नाव आणायला निघाले होते.

आबाजींची बहीण, गंगूबाई, अंबादेवीच्या देवळामागे एका गल्लीत राहते. अंगणात सांडगे घालत होती. मी कोण, कुठून आले ते सांगितले.

"वेनूनं पाठवलं?" तिचा हात थांबला. "इतक्या वर्सांत राखी झाली, लग्नं झाले, तिनं मले एका शब्दानं इचारलं नाही."

"नाव ठरलं होतं का?"

"सुभद्रा. झबलं बी शिवलं होतं म्या." पिठाचे हात तिने तसेच मांडीवर ठेवले. "मी गावाले पोचलो तं मांगून आनलेला पाळना परत देऊन झालता. मीच म्हटलं होतं ना, थांबा म्हून. काहून म्हटलं असन म्या?"

ती उठली, हात धुतले आणि लुगडे बदलून आली. "चाल, मीच येतो तुह्यासंग. हे असं दुसऱ्याच्या हाती धाडाचं नसते."

आम्ही दोघी त्याच वाटेने गावी आलो. बैलगाडीतून उतरल्यावर वेणूबाईंनी तिच्या पायांवर पाणी घातले, तेव्हा तिची जीभ सुटली.

"अजून हेच खारं पानी पाजतं का वं आमाले?"

"तुमी इतके वर्स गोड पानी पिता, वन्सं. तोंड कुठं गोड झालं तुमचं?"

दोघी हसल्या. मी आत बसून वही उघडली. गंगूबाई चुलीपाशी वेणूबाईंच्या शेजारी बसली आणि एकदम म्हणाली, "वेनू, मी सुभद्रा ठेवनार होतो."

वेणूबाईंनी चुलीतले लाकूड मागे ओढले. ओठांतल्या ओठांत ते नाव एकदा म्हणून पाहिले.

"चांगलं हाय," त्या म्हणाल्या. मग काही वेळाने, "आता या नावानं हाक कोनाले मारू, वन्सं?"

गंगूबाईने तोंडाला पदर लावला. आबाजी दारात आले होते. टोपी हातात धरून ते तिथेच उभे राहिले.

मी नाव लिहिणार, तोच वेणूबाईंनी माझ्या वहीवर हात ठेवला. "हे नको लिवू, माय. हे नाव वन्संच्या मनातलं. माही पोट्टी बिना नावाची गेली. मी तिले 'ये वं' एवढंच म्हनत होतो. तेच लिव."

अकोल्याला घरी आल्यावर मी वडिलांना विचारले, अशा मुलासाठी काही विधी असतो का. त्यांनी आयुष्यभर लोकांची बारशी आणि श्राद्धे केली आहेत. ते म्हणाले, "नावाशिवाय संकल्प सोडता येत नाही, बाळ." इतके बोलून ते देवघरात गेले, आणि त्या संध्याकाळी नेहमीपेक्षा जास्त वेळ तिथे बसले.

निबंधात तुरुंगात गेलेल्यांची नावे आहेत, पाणी आटवणाऱ्यांची आहेत. त्यांच्याखाली मी लिहिले: वेणूबाईंची मुलगी. वय चार महिने. वडील सुटून येईपर्यंत बारसे थांबवले होते. सरांनी त्या ओळीपुढे प्रश्नचिन्ह केले आहे. मी ओळ काढलेली नाही. पण ती लिहून वेणूबाईंना काय मिळाले, हे मला अजून सांगता येत नाही. जाताना वाटले होते तेवढे इतिहासाच्या हाती नाही.

तुम्ही त्या बाजूला गेलात तर आबाजींकडून मिठाची गोष्ट जरूर ऐका. ते रंगवून सांगतात. वेणूबाईंना मात्र मुले किती, असे विचारू नका. त्या "दोन" म्हणतात, आणि चुलीकडे वळतात.